आधी फाईल, मग सुई: विश्रामबागेतल्या मॅडमचा दवाखाना

आफ्रिकेला निघालोय, लसींचं सांगलीत कुणाला विचारायचं, असे चार फोन मला गेल्या दोन महिन्यांत आले. चौघींचेही नवरे साखर कारखान्यातले. एकीचा केनियात, दोघींचे टांझानियात, आणि एकीचा युगांडातल्या आमच्याच कॉलनीत येणार आहे. दर वेळी अर्धा तास बोलते आणि फोन ठेवल्यावर आठवतं की अमुक सांगायचं राहिलं. म्हणून सगळं एकदा लिहून काढते.

दवाखाना विश्रामबागेत आहे, पहिल्या मजल्यावर. मॅडमनी आपलं नाव कुठं लिहू नका म्हणून बजावलंय, त्यामुळे लिहीत नाही. त्या भागातल्या कुठल्याही मेडिकलवाल्याला 'परदेशाच्या मॅडम' म्हणून विचारा, तो जिना दाखवेल. रोजचे पेशंट सकाळी असतात. परदेशी जाणाऱ्यांसाठी फक्त गुरुवारची संध्याकाळ.

आमची हकीकत अशी. नवरा शिफ्ट केमिस्ट. इथल्या कारखान्यात बारा हंगाम काढले आणि दीड वर्षापूर्वी युगांडात जिंजाजवळच्या साखर कारखान्यात नोकरी धरली. आपल्याकडचे किती पॅनमन, फिटर, केमिस्ट तिकडच्या कारखान्यांत आहेत, ते तिथं गेल्यावर कळतं. कॉलनीत पहिल्याच संध्याकाळी 'कुठल्या गावच्या?' असं मराठीत विचारणारं कुणीतरी भेटतंच. एप्रिलमध्ये आम्ही तिघी जाणार होतो. मी, साडेचार वर्षांची लेक आणि आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, वय 66. आत्या दोन महिने राहून परतणार, आम्ही दोघी तिकडंच राहणार.

तिकिटं 26 एप्रिलची काढली होती. काढून देणाऱ्या माणसानं सांगितलं, "यलो फीवरची लस निघायच्या आठवडाभर आधी घेतली तरी चालते." (यलो फीवर म्हणजे तिकडं डासांमुळे होणारा ताप.) आम्ही विश्वास ठेवला. दुसऱ्या एका शहरातल्या ट्रॅव्हल क्लिनिकला फोन केला तर तिथल्या मुलीनं कोण जाणार, वय काय, कुठं राहणार, एकही प्रश्न न विचारता माणशी सात लसींचं पॅकेज सांगितलं. रक्कम ऐकून नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, घेऊन टाका, तब्येतीपुढं पैसा काय. आम्ही ते घेऊनही टाकलं असतं. पण मिरजेत राहणाऱ्या माझ्या जाऊबाईंनी या मॅडमचं नाव सुचवलं.

2 एप्रिलच्या गुरुवारी आम्ही तिघी गेलो. जिना उभा आहे आणि लिफ्ट नाही. आत्या मधल्या पायरीवर बसून मग वर आल्या. गुडघे दुखणाऱ्यांना हा जिना फार जड जातो आणि ते मी मॅडमना तोंडावरही सांगितलंय. टोकन घेऊन पावणेदोन तास बसलो. फोन फक्त 5 ते 6 या वेळात उचलला जातो आणि त्या तासात तो बहुतेक व्यस्तच लागतो. या तक्रारी खऱ्या आहेत, आणि लांबून येणाऱ्यानं त्या धरूनच यावं. बत्तीस शिराळ्याहून आलेला एक मुलगा आमच्यापुढं होता, त्याची शेवटची एसटी चुकली.

पण आत गेलो ते पन्नास मिनिटांनीच बाहेर आलो.

मॅडमसमोर रेघांची साधी वही होती. प्रश्न सुरू झाले. जिंजात म्हणजे गावात की कारखान्याच्या कॉलनीत? खोलीच्या खिडक्यांना जाळ्या आहेत का? उसाचा फड घरापासून किती लांब? किती महिने राहणार? मे महिन्यात तिकडं पाऊस असतो ना? (असतो. दक्षिण युगांडात पावसाचे दोन मोसम असतात, मार्च ते मे आणि मग सप्टेंबर ते नोव्हेंबर.) मला विचारलं, दुसऱ्या मुलाचा विचार इतक्यात आहे का, कारण यलो फीवरची लस जिवंत विषाणूची असते आणि ती घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ न देणं बरं. लेकीला अंड्याची ॲलर्जी आहे का, कारण ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. लेकीची लसीकरणाची फाईल पानापानानं बघितली. आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडं 5 एप्रिलला तिची एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) ठरलेली होती. मॅडम म्हणाल्या, ती थांबवा. दोन जिवंत लसी एक तर एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये चार आठवडे जाऊ द्यायचे. पाच तारखेला एमएमआर दिली असती तर यलो फीवरची लस मे महिन्यात ढकलावी लागली असती. त्यांनी स्वतः त्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं. एमएमआर आता कॉलनीतल्या दवाखान्यात द्यायची, असं तिच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत लिहून दिलं.

मग आत्यांची पाळी आली. बीपीचा पट्टा सोडता सोडता मॅडम थांबल्या. आत्यांच्या ब्लाउजच्या गळ्याच्या वर, बरोबर मधोमध, बोटभर पांढरी रेघ दिसते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ती रेघ रोज बघते.

"मावशी, हे कसलं ऑपरेशन?"

"ते व्हय? जुनं हाय. छातीतली गाठ काढली हुती. बावीस वर्सं झाली."

"तेव्हा त्रास काय व्हायचा?"

"सांज झाली की डोळं उघडं राहायचं न्हाईत. पापण्या आपोआप खाली यायच्या. घास चावून चावून जबडा दमायचा. आता काय सुदीक न्हाई."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "त्याची फाईल आहे?"

आत्या म्हणाल्या, असंल ट्रंकेत. मॅडम म्हणाल्या, "ती बघितल्याशिवाय मी तुमच्या यलो फीवरचं काही लिहिणार नाही. पुढच्या गुरुवारी घेऊन या."

खरं सांगते, तेव्हा मला राग आला. तिकिटं निघालेली, दिवस थोडे, आणि ह्या बावीस वर्षांपूर्वीचा कागद मागतायत. आमचं घर गावभागात आहे. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा तळमजल्यावरचं होतं नव्हतं ते सगळं गेलं. पण ती पत्र्याची ट्रंक सासऱ्यांनी आदल्या रात्री माळ्यावर चढवली होती. तीत लग्नाचा शालू, जमिनीचे उतारे आणि खाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल सापडली. डिस्चार्ज कार्डावर टाइप केलेल्या दोन नोंदी होत्या. वर थायमेक्टॉमी, म्हणजे थायमस ग्रंथी काढण्याचं ऑपरेशन, आणि खाली निदान, मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार.

मॅडमनी ते कार्ड दोनदा वाचलं आणि मग आत्यांकडं वळून सांगायला सुरुवात केली. माझ्याकडं बघून सांगितलं नाही, हे मला फार आवडलं. ज्याचं शरीर त्यालाच सांगायचं. छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते. शरीराच्या संरक्षण करणाऱ्या पेशी लहानपणी तिथं तयार होऊन बाहेर पडतात. मायस्थेनियात बऱ्याचदा हीच ग्रंथी बिघडलेली असते, म्हणून ती काढून टाकतात. यलो फीवरच्या लसीत विषाणू कमजोर केलेला असतो, पण जिवंत असतो. धडधाकट शरीर त्याला आवरतं. थायमसचा असा आजार झालेल्या माणसात तोच विषाणू आवरला जाईल याची खात्री नसते. क्वचित घडतं, पण घडलं तर लसीपासूनच यकृत आणि मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत मजल जाते. त्यात वय साठीच्या पुढं, आणि साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत असा धोका तसाही जास्त असतो. "मावशी, ही लस तुम्हाला द्यायची नाही. आज नाही, पुढंही नाही."

मी विचारलं, लस न देण्याचं सर्टिफिकेट मिळतं म्हणे? मिळतं, म्हणाल्या. डॉक्टरनं कारण लिहून सही-शिक्का दिला तर यलो फीवरच्या सर्टिफिकेटाच्या पिवळ्या पुस्तिकेत तशी नोंद होते. "त्या कागदानं विमानतळावरचा अधिकारी थांबेल. डास थांबणार नाही. युगांडात हा आजार खरोखर आहे. शिवाय मलेरियाच्या काही गोळ्याही मायस्थेनियात चालत नाहीत. मी माझ्या आईला पाठवणार नाही."

आत्या एक शब्द बोलल्या नाहीत. पासपोर्ट नवा कोरा होता, एकही शिक्का न पडलेला. लेकासाठी दोन किलो भडंग, गोडा मसाला आणि नवीन आलेल्या हळदीची पूड असं सगळं बांधून ठेवलं होतं. घरी येईपर्यंत गप्प होत्या. गणपती मंदिरापाशी रिक्षा थांबवायला सांगितली, बाहेरूनच हात जोडले आणि बसल्या. रात्री एवढंच म्हणाल्या, "बावीस वर्सांत कुणी इचारलं न्हाई, आन् आताच इचारायचं सुचलं व्हय हिला." पुढचे आठ-दहा दिवस मॅडमचं नाव काढलं तरी उठून आत जायच्या. त्यांचं तिकीट रद्द केलं, हातात काही पडलं नाही.

त्यांचा राग मी समजू शकते. पण पुण्याला गेले तेव्हा मला कळलं की आम्ही कशातून वाचलो.

यलो फीवरची लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारनं मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांतच मिळते, आणि सांगलीहून आम्हाला पुणंच सोयीचं होतं. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि ती उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून ठरलेल्या वारी ठरावीक माणसांनाच बोलावतात. आम्हाला तारीख मिळाली 21 एप्रिल. त्याच्या आधीची एकही रिकामी नव्हती. आणि सर्टिफिकेट लागू होतं ते लस घेतल्याच्या दहा दिवसांनी. म्हणजे 1 मे. आमचं विमान 26 एप्रिलचं! हा हिशोब मॅडमनी पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवला होता, म्हणून तिकिटं वेळेत 4 मेवर ढकलता आली. भुर्दंड बसला तो आम्हालाच. 'आठवडाभर आधी चालते' म्हणणारा तिकीटवाला नंतर फोन उचलेना.

रात्रीच्या एसटीनं पहाटे स्वारगेट, तिथून रिक्षानं केंद्र. मूळ पासपोर्ट, त्याची झेरॉक्स, 300 रुपये फी. एक छापील फॉर्म देतात, पूर्ण इंग्रजीत. त्यात आजारांची यादी आणि प्रत्येकापुढं हो-नाहीचे चौकोन. रांगेत चाळीसेक माणसं असतील. बहुतेक जण फॉर्म मांडीवर घेऊन वरपासून खालपर्यंत सरळ 'नो'वर टिक करत होते. यादीत एका ओळीत थायमस हा शब्द होता. महिनाभर आधी आले असते तर मीसुद्धा आत्यांचा हात धरून त्या ओळीपुढं 'नो'च केलं असतं. मला तो शब्दच माहीत नव्हता. आत्यांना विचारलं असतं तरी त्या म्हणाल्या असत्या, गाठ काढली हुती. ती गाठ आणि हा थायमस एकच, हे आम्हा दोघींना कुणी सांगायचं? त्या बाकावर बसून माझे हातपाय गार पडले.

सुई दंडावर, कातडीखाली, अर्धा मिलिलिटर. नंतर अर्धा तास बसवून ठेवतात. भिंतीवरच्या माहितीफलकावर लिहिलं होतं की या लसीसाठी मॅक्स थायलर या शास्त्रज्ञाला 1951 चं नोबेल मिळालं. 2016 पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते, आधीसारखी दर दहा वर्षांनी घ्यावी लागत नाही. पुस्तिका हातात पडल्यावर मॅडमनी सांगितल्याप्रमाणे खिडकीपाशीच उभी राहून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. लेकीच्या नावात एक अक्षर जास्त पडलं होतं. तिथल्या तिथं दुरुस्त करून शिक्का मारून घेतला. तुम्हीही खिडकी सोडण्याआधी नाव, पासपोर्ट नंबर, तारीख, बॅच नंबर, सही आणि शिक्का बघून घ्या. सांगलीला पोचल्यावर चूक दिसली तर पुन्हा अडीचशे किलोमीटर.

आपलं सरकार या पुस्तिकेबद्दल एवढं कडक का, तेही मॅडमनीच सांगितलं होतं. भारतात यलो फीवर आजवर आलेला नाही. पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडं घरोघरी आहे, डेंग्यूचा तोच. विषाणू एकदा आत आला तर डास तयारच बसलेत. म्हणून तिकडून परतणाऱ्याकडं पुस्तिका नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात, भारतीय पासपोर्ट असला तरी.

आता बाकीच्या लसी. पॅकेजवाल्यांनी माणशी सात सांगितल्या होत्या, त्यातल्या आम्हाला किती लागल्या ते सांगते. टायफॉईडची दोघींनाही दिली, एक डोस, 2,000 रुपयांच्या आतबाहेर. मला धनुर्वात-घटसर्पाचा बूस्टर दिला, कारण शेवटचा बाळंतपणातलाच होता. हिपॅटायटिस ए ची मी मागितली तर मॅडम म्हणाल्या, आधी रक्त तपासू. आपल्याकडं लहानपणी विहिरीचं, आडाचं पाणी प्यालेल्या पिढीला नकळत ही कावीळ होऊन गेलेली असते आणि मग लसीची गरज नसते. तपासणी लसीपेक्षा स्वस्त पडली. माझ्या रक्तात अँटिबॉडी निघाल्या, लस वाचली. लेकीला ती बाळपणीच दिलेली होती. हिपॅटायटिस बी चे तीन डोस मी कॉलेजात घेतले होते, त्याचं कार्ड दाखवलं, विषय संपला. मेंदूज्वराची आणि कॉलऱ्याची नको म्हणाल्या. मेंदूज्वराचा पट्टा युगांडाच्या उत्तरेला आहे, जिंजा दक्षिणेला.

एका लसीवर मात्र त्या अडून बसल्या. ती म्हणजे लेकीसाठी रेबीजची, कुत्रं चावायच्या आधीच घ्यायची. मला ते नवीन होतं. साडेचार वर्षांचं पोर कुत्र्याला हात लावणार, चावलेलं घरी सांगणारही नाही, आणि तिकडं चावल्यानंतरचं महागडं इंजेक्शन प्रत्येक ठिकाणी मिळेल असं नाही. सात दिवसांच्या अंतरानं दोन डोस, 2 आणि 9 एप्रिलला. पुढं कधी चावलंच तर पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि आणखी दोन डोस घ्यायचे, पण ते महागडं इंजेक्शन लागत नाही.

सुई देण्याआधी त्या कुपी आपल्या हातात देतात. तारीख वाचा म्हणतात. वाचल्याशिवाय उघडत नाहीत. कुपीवरचं स्टिकर काढून पुस्तिकेत चिकटवतात. लसींचा फ्रिज वेगळा आहे, त्यात पाण्याची बाटलीसुद्धा ठेवलेली नाही. दारावर दोरीनं एक वही बांधलेली आहे. त्यात सकाळ-संध्याकाळ तापमान लिहिलेलं, 4, 5, 4, 6, आणि पुढं सही. लसी 2 ते 8 अंशांत राहाव्या लागतात. वीज गेलेल्या एका दिवशी लाल शाईत 'इन्व्हर्टर, 40 मिनिटं, 7' अशी नोंद दिसली. मी ती वही मागची चार पानं चाळली. एकही संध्याकाळ मोकळी सुटलेली नाही. एवढ्या एका वहीवरून मी हा दवाखाना कुणालाही सांगायला तयार आहे.

मलेरियाच्या गोळ्यांचं सगळ्यात किचकट. प्रवाशांसाठी लस नाही, गोळ्याच. मला डॉक्सीसायक्लिन, रोज एक, निघायच्या दोन दिवस आधीपासून आणि मलेरियाचा मुलूख सोडल्यावरही चार आठवडे. ही गोळी आमच्या गल्लीला ओळखीची आहे, पूर ओसरल्यावर लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, भीतीनं वाटली होती तीच. तेव्हा उपाशीपोटी घेऊन आडवं झाल्यामुळे माझी अन्ननलिका दोन दिवस जळत होती. म्हणून मॅडमनी लिहून दिलं: जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, आणि उन्हात अंग झाकायचं, कारण या गोळीवर कातडी लवकर भाजते. आठ वर्षांखालच्या मुलांना ही देत नाहीत. लेकीला मेफ्लोक्विन, आठवड्यातून एकदा. वजन साडेपंधरा किलो म्हणून पाव गोळी. (हे तिच्या वजनाचं आहे, आपल्या मुलाचं डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.) निघायच्या तीन आठवडे आधी सुरू केली, म्हणजे वाईट स्वप्नं, चिडचिड असलं काही दिसलं तर इथंच बदलता येईल. गोळी कमालीची कडू. शिकरणात कुस्करून दिली तर थुंकली. शेवटी आत्यांनी, अजून रुसलेल्या असतानाच, गुळाच्या खड्यात पाव गोळी दाबून भरली आणि ती गेली. तेव्हापासून रविवार म्हणजे गुळाचा वार.

नवऱ्याला मात्र तिथं गेल्या गेल्या तिसऱ्या महिन्यात मलेरिया झाला होता. त्यानं गोळ्या पंधरा दिवसांत सोडून दिल्या होत्या. चार दिवसांत आठ किलो उतरला असं त्यानं मला तेव्हा सांगितलंच नाही, ते मला तिथं शेजाऱ्यांकडून कळलं.

तिकडं गेल्यावर मॅडमच्या चिठ्ठीतलं जे रोज उपयोगी पडलं ते म्हणजे औषध लावलेली मच्छरदाणी, संध्याकाळी सहा वाजता लांब बाह्या, आणि डीईईटी या डास पळवणाऱ्या औषधाचं प्रमाण 20 ते 30 टक्के असलेलं क्रीम. क्रीम दिवसासुद्धा, कारण मलेरियाचा डास रात्रीचा आणि यलो फीवर-डेंग्यूचा दिवसाचा. जिंजाला नाईल नदी व्हिक्टोरिया सरोवरातून बाहेर पडते. गांधीजींच्या अस्थींचा काही भाग तिथं विसर्जित केला होता, त्यांचा पुतळाही आहे. कॉलनीतली मंडळी रविवारी काठावर डबे घेऊन जातात. कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेल्या माणसाला ते पाणी बघून राहवत नाही. पण मॅडमनी चिठ्ठीत दोनदा अधोरेखित केलं होतं की सरोवरात पाय घालायचा नाही. त्या पाण्यातल्या गोगलगायींमधून बिलहार्झिया या जंतांच्या आजाराचे जंतू बाहेर पडतात आणि नुसत्या कातडीतून शरीरात शिरतात. आम्ही काठावरूनच बघितलं. खाण्याचं साधं: तव्यावरून थेट ताटात पडलेलं खा, कापून ठेवलेलं अननस घेऊ नका. तिकडं चपातीत अंड्याची पोळी गुंडाळून देतात, त्याला 'रोलेक्स' म्हणतात. समोर भाजून घेऊन आम्ही कितीदा खाल्लं, कधी पोट बिघडलं नाही.

गणपतीला आम्ही दोघी सांगलीला आलो. मुंबईला पुस्तिका दाखवूनच बाहेर सोडलं. आठ दिवस झाले, गौरी जेवल्या, आणि त्याच रात्री लेकीला 102 ताप. सोसायटीत चार पोरं तापानं पडलेली, त्यामुळे सगळे म्हणाले, साथ आहे, पॅरासिटामॉल द्या, उद्या बघू. दिरांचंही तेच मत. मीसुद्धा तयार झाले होते.

आत्या उठल्या. "त्या मॅडमकडं न्या. आत्ताच्या आत्ता." दिरांनी गाडी काढली आणि आत्या स्वतः पुढं बसल्या.

गुरुवार नव्हता, रात्रीचे साडेनऊ होते. मॅडम वरच राहतात, खाली आल्या. परतल्याला आठ दिवस, हे ऐकताच दुसरं काही बोलायच्या आधी मलेरियाची स्लाइड आणि रॅपिड टेस्ट दोन्ही लिहून दिल्या, लॅबला फोन करून माणूस बोलावला. शिवाय डेंग्यूची तपासणी. तिकडून आल्यावरचा कुठलाही ताप हा मलेरिया नाही असं सिद्ध होईपर्यंत मलेरियाच धरायचा, गोळ्या चालू असल्या तरी, म्हणाल्या. पहिली स्लाइड निगेटिव्ह आली. मी सुटकेचा श्वास टाकला तर म्हणाल्या, एकीवर भागत नाही. सकाळी दुसरी, संध्याकाळी तिसरी. पहिल्या थेंबात जंतू सापडला नाही म्हणजे रक्तात नाही असं होत नाही. लेक सुईला घाबरून ओरडत होती आणि आत्यांनी तिचा हात दोन्ही तळव्यांत धरून ठेवला होता.

तिन्ही निगेटिव्ह. डेंग्यूही नाही. साथीचाच ताप होता, चौथ्या दिवशी उतरला. तीन दिवसांत मॅडमनी एकदाच फी घेतली, 500 रुपये. लॅबचा खर्च वेगळा.

शेवटच्या तपासणीला लेकीची पुस्तिका बंद करून मॅडम आत्यांकडं वळल्या. "मावशी, पापण्यांचा त्रास परत कधी?" आत्या म्हणाल्या, नाही. "बघू या. मान न हलवता वर बघा, पंख्याकडं. मी सांगेपर्यंत."

आत्या वर बघत राहिल्या. मॅडमनी हातातल्या घड्याळावर एक मिनिट मोजलं. पापण्या खाली आल्या नाहीत.

"छान," म्हणाल्या. "आता सावकाश उतरा, जिना उभा आहे."